प्रेसघराच्या खिडकीतली हाक

आमच्या कापसाच्या जिनातल्या आगीच्या कवायतीला मी सर्कस म्हणायची. मॅनेजर आनंदराव शिट्टी फुंकायचे. रूपराव प्रेसघराच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर धावत जायचा, खिडकीतून दोर खाली टाकायचा आणि खालच्या गड्यांनी दोराला बांधलेला कॅनव्हासचा लांबलचक पाइप वर ओढून घ्यायचा. पाइपाच्या टोकाला पितळेची हातभर तोटी. ती आवळून धरली की तो खच्चून ओरडायचा, "सोड!" मग खाली माझा नवरा पाणी सोडायचं चाक फिरवायचा. पंपाचं पाणी आलं की चपटा पाइप फुगून ताठ व्हायचा आणि पहिल्या झटक्याला असा उसळायचा, की धरणारा बेसावध असला तर आपटलाच. एकदा पाइप धरून उभ्या असलेल्या दोन गड्यांना त्यानं अंगणात लोळवलं होतं. एकाचे पुढचे दात गेले. आम्ही बाया पदर तोंडाला लावून हसलो होतो.

हिंगणघाटात तेव्हा उंच म्हणावं असं आमचं प्रेसघरच. तीन मजली. सरकी काढलेली रुई वरच्या मजल्यावर न्यायची, तिथून प्रेसच्या पेटीत लोटायची, आणि खाली तिची दाबून गाठ व्हायची. वर लोटायला मी आणि माझी सुंदरा. पोरगी पंधराची. तिला कामावर आणू नका, असं मी म्हटलं होतं, पण माझं ऐकतो कोण.

नवऱ्याचं चाक एका विटांच्या भिंतीआड होतं, झळ लागू नये म्हणून. भिंतीमुळे त्याला अंगणातलं काही दिसत नसे. त्यात इंजिनाजवळ वर्षं काढून कान गेलेले. आनंदरावांनी त्याला बजावून ठेवलं होतं, "आग लागली का बाया कल्ला करतीन. कोणाचंच आयकू नका. एकच शब्द. 'सोड' म्हटलं का सोडायचं." आणि माझा नवरा असा, की सांगितलेलं काम गुरुमंत्रासारखं धरून बसायचा. जिनात सगळे त्याला 'चाकवाले' म्हणत. मी 'अवो' म्हणे, नाहीतर 'सुंदराचे बाबा'. नवऱ्याचं नाव मी लग्नातल्या उखाण्यात घेतलं तेवढंच. माझी सासू होती तोवर ती त्याला नावानं हाक मारायची. ती गेली आणि ते नाव घरातून गेलंच.

माघ महिना होता. अल्लीपूरकडच्या कापसानं भरलेल्या बैलबंड्या फाटकाबाहेर लागल्या होत्या, माल भरपूर होता. कापसात कुठंतरी गोटा आला असेल, मशिनीत ठिणगी उडाली असेल. मला एवढंच ठाऊक, की जिन्याकडून कोणीतरी ओरडलं आणि मी वळून पाहीपर्यंत आग रुईवरून पळत आमच्याकडे येत होती. रुई पेटत नाही, तिच्यावरून आग पळते. जिन्याजवळचे गडी उतरून गेले. आम्ही दोघी पार खिडकीच्या कोपऱ्यात. मधे जाळ.

रूपराव मात्र जाळ पसरायच्या आधीच वर आला होता, कवायतीत शिकवल्याप्रमाणे. त्यानं दोर टाकला, पाइप ओढून घेतला. तोटी खिडकीत आली आणि तो जुना दोर तुटून खाली गेला. रूपरावानं "सोड" म्हणायला तोंड उघडलं, मागं जिन्याकडे पाहिलं, आणि मिटलं. जिना दिसतच नव्हता.

"शकुबाई," तो म्हणाला, "पाणी घेतलं तं पाइपावरून उतरता येत नाई. आन् उतराचं असन तं पाणी नाई. काय करू?"

"पोरीले उतरव," मी म्हटलं.

त्यानं तोटी खिडकीच्या दोन लोखंडी गजांमागं आडवी अडकवली. ओढून पाहिली. पक्की बसली. गजांच्या बाजूला माणूस निघेल एवढी फट होती. मी लुगड्याचा पदर फाडून सुंदराच्या तळहातांना गुंडाळला. गाठ दातांनी आवळली. ती रडत नव्हती. नुसती माझ्याकडे बघत होती, आणि ते मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

"धरून घसरत जाजो. खाली पाहू नको."

"माय, तू?"

"म्या येतोच मांगून. जाय!"

ती बाहेर लोंबकळली. मी गिरडच्या दर्ग्यातल्या बाबाला म्हटलं, पोरगी उतरव, मी पायी येते, उपाशी येते, काय सांगशील ते करते. पाठीला झळ लागत होती आणि रूपराव आपल्या फेट्यानं माझ्या लुगड्यावरच्या ठिणग्या झोडपत होता. खोकून खोकून त्याचा आवाज बसला होता.

सुंदरा घसरत खाली गेली. पण खालच्या अंगाला पाइप वळून भिंतीमागच्या चाकाकडे जात होता, तिथं ती अडकली. जमिनीपासून दोन पुरुष उंच असेल. गड्यांनी तिच्याखाली बारदानाचा मोठा तुकडा चौफेर ताणून धरला. तिनं हात सोडले की झालं. पण भीतीनं तिची बोटंच उघडेनात. ती पाइपाला चिकटून राहिली.

आणि खालून सगळे ओरडू लागले.

"सोड, पोरी! सोड!"

"सोड! सोड!"

वरून मला भिंतीच्या दोन्ही बाजू दिसत होत्या. इकडे माझी पोरगी पाइपावर, आणि तिकडे तिचा बाप, चाकाला दोन्ही हात लावून. त्यानं मान वर केली. त्याला नुसता धूर दिसला असणार. इतक्या गलक्यात त्याच्या फुटक्या कानांना एकच शब्द ओळखू आला. ज्याची तो वाट बघत होता तोच. त्यानं पाय रोवले.

"बंद!" मी ओरडले. "अवो, नका! सुंदराचे बाबा!" पण बायांच्या कल्ल्याकडे लक्ष द्यायचं नाही, हे तो शिकला होता. आग लागो त्या शिकवणीला! चाक हललं. पाइपातून खालून एक फुसफुस वर आली, वारा पुढं ढकलत. ती मला हाताखाली जाणवली. त्या फुसफुशीची भीती मला अजून वाटते, त्या जाळाची नाही वाटत.

मग मी छाती फुटेस्तोवर ओरडले.

"कवडू! कवडू, नको!"

अंगण क्षणभर गप्प झालं. आगीला भिऊन नव्हे. शकुबाईनं नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून. मला दिसलं, त्याचे हात थांबले. मग त्यानं चाक उलटं फिरवलं, घाईघाईनं, सगळं अंग लावून. त्या शांततेत खालचा एक गडी सुंदराला हळू म्हणाला, "सोड माय, आमी हावो." आणि तिनं सोडलं.

ती बारदानात पडली. उठून बसली. मग मी उतरले, तळहाताची सालटी पाइपाला देऊन. रूपराव शेवटी आला, अर्धी मिशी जळालेली. छप्पर तडतडत होतं. आनंदराव भिंतीमागं उभे राहून ओरडत होते, "सोडा! अवो, आता सोडा! समदे उतरले! बाजूच्या गाठी तरी वाचवू द्या!"

माझा नवरा चाक सोडेना आणि फिरवेनाही. आनंदराव माझ्याकडे धावत आले. "बाई, तुमीच सांगा. माझं आयकून नाई राह्यले."

मी भिंतीआड गेले. तो चाकावर वाकला होता. बोटं अशी आवळलेली, की नखं पांढरी पडली होती.

"अवो, पोरगी खाली हाय. म्याबी आली."

त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. "माय आलती," तो म्हणाला. "मायनं हाक मारली. नको म्हणे. मी सोडून राह्यलो होतो, आन् ते नको म्हणे."

मला रडू कोसळलं. इतका वेळ आलं नव्हतं ते आलं. सुंदरा माझ्यामागं येऊन उभी होती, आनंदराव होते, गडी होते. मी त्याच्या हातांवर माझे सोललेले हात ठेवले आणि सगळ्यांदेखत पुन्हा नाव घेतलं.

"कवडू," मी म्हटलं. "सोड आता."

त्यानं चाक फिरवलं.