शिट्टी बंद झाली म्हणजे

कॉम्प्रेसर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीचा कान अख्ख्या बाजारात नावाजलेला होता. हवा कुठून गळते हे तो नुसतं ऐकून सांगायचा. पान्याने नट आवळायचा, सूंऽ सूंऽ थांबलं की हात पुसायचा. काम झालं. तीस वर्षं हेच.

त्याच कानाने त्याची बायको नेली.

तिला दमा होता आणि मनाचा आजारही होता. दोन फायली, दोन डॉक्टर, आणि एकाची फाइल दुसऱ्याने कधी उघडली नाही. छातीचा डॉक्टर म्हणायचा, हे सगळं टेन्शनमुळे. मनाचा म्हणायचा, श्वासाचं त्यांनाच विचारा. ती मधल्यामध्ये. मन खचलं की आठ-आठ दिवस रोजचा पंप घ्यायची नाही. मग दम लागायचा, दम लागला की घाबरायची, घाबरली की आणखी दम. ती गेली त्या दुपारी तिच्या छातीत शिट्टी वाजत होती. मिस्त्री पाठीवरून हात फिरवत "काही नाही, घाबरू नकोस" म्हणत होता. शिट्टी थांबली. उतरला दम, असं समजून तो पाणी आणायला उठला.

आत हवाच जात नव्हती, म्हणून शिट्टी थांबली होती. हे त्याला इस्पितळातल्या नर्सने सांगितलं. नंतर.

त्या दुपारला चार महिने झाले. आज त्याच छातीच्या डॉक्टरसमोर मिस्त्रीची वीस वर्षांची लेक बसली होती. तिलाही आईसारखाच दमा.

"काय म्हणते पोरगी?" डॉक्टरांनी मिस्त्रीला विचारलं.

"पोरगीला... बोलता येतं," लेक म्हणाली. एवढ्या तीन शब्दांत तिला एकदा थांबावं लागलं.

डॉक्टरांनी पाठीला दोन ठिकाणी नळी टेकवली. "छाती साफ आहे. शिट्टी नाही काही. आई गेल्याचा धक्का आहे हो. स्वभावही आईवरच गेलाय. जरा फिरायला न्या. झोपेची गोळी लिहून देतो."

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने चिठ्ठ्यांच्या वहीवर पंजा ठेवला.

"लिहू नका. फुंकायचं मीटर काढा."

"मिस्त्री, डॉक्टर मी आहे."

"आणि मी मिस्त्री. माझ्याकडे मशीन आलं आणि मी म्हटलं, हा तुझ्या मनाचा खेळ आहे, तर गिऱ्हाईक मला जोड्याने हाणेल. तुम्हाला कोणी हाणत नाही, एवढाच फरक."

कंपाउंडरने दारातून डोकं घातलं. "काका, हळू. बाहेर पेशंट बसलेत."

"मग दार सताड उघड. त्यांनाही कळू दे."

मीटर खणातून निघालं ते प्लास्टिकच्या पिशवीतच. पिशवी फोडलीसुद्धा नव्हती. लेकीने तीनदा फुंकलं. काटा एकशे साठच्या वर सरकेना. चारशेच्या पुढे जायला हवा होता, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. ते उठले, वाफेचं मशीन स्वतः ओढून आणलं, ऑक्सिजन लावायला सांगितला.

अर्ध्या तासाने तिच्या ओठांवर रंग आला. छातीत बारीक शिट्टी सुरू झाली होती, म्हणजे हवा आत-बाहेर होत होती. मिस्त्री भिंतीला टेकला.

"रोजचा पंप घेत होतीस ना?" त्याने लेकीला विचारलं.

"नाही."

"कधीपासून?"

"पाच आठवडे झाले असतील."

"पाच आठवडे! मी रोज कामावर जाताना विचारतो, तू मान हलवतेस! मरायचंय का तुला?"

लेकीने मास्क जरा बाजूला केला. "माहीत नाही, बाबा. घ्यावासाच वाटत नाही. उठावंसंही वाटत नाही. ओरडलात म्हणून वाटायला लागेल का?"

बायकोवरही मिस्त्री असाच ओरडायचा. पंप घे म्हणून, आणि कधी कधी, सारखा सारखा घेऊ नकोस, सवय लागेल म्हणूनही. तो डॉक्टरांकडे वळला.

"ऐकलंत ना? हेही लिहा. तिच्या फाइलमध्ये, पंपाच्या शेजारीच. आणि मनाच्या डॉक्टरांना फोन लावा."

"त्यांच्या नावाने चिठ्ठी देतो."

"चिठ्ठी नको. तिच्या आईने चिठ्ठ्यांची पिशवी भरून ठेवली होती. फोन. आत्ता."

"ते कामात असतील."

"मीही कामातच होतो. दुकानाला कुलूप घालून आलोय."

डॉक्टरांनी फोन लावला. तिकडे घंटी वाजत राहिली.

"बाबा, बसा ना," लेक मास्कमधून म्हणाली. "सगळे बघतायत."

"बघू देत." तो बसला नाही.

तिकडे कोणीतरी उचलला. डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "माझी एक पेशंट आहे. तिला दमा आहे आणि, मला वाटतं, नैराश्यही. दोन्ही बरोबरच बघावं लागेल."

"मोठ्याने बोला," मिस्त्री म्हणाला.

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, दाराशी जमलेल्या पेशंटांकडे पाहिलं, आणि तेच वाक्य पुन्हा, मोठ्याने म्हटलं. मग टेबलावरचा कागद ओढून त्यांनी वेळ लिहून घेतली. उद्या सकाळी दहा.

"मला उठवेल कोण?" लेक म्हणाली.

"मी. न ओरडता," मिस्त्री म्हणाला, पण तेही ओरडूनच.