दुखवट्याच्या वर्षातली चौदा तारीख

माझी बायको अनसा श्रावणात गेली. आमच्यात घरातलं माणूस गेलं की वर्ष सरेपर्यंत सण करत नाहीत. दारात तोरण लागत नाही, कढईत तळण पडत नाही. लग्न मात्र वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. म्हणून पोराचं, सत्यजीतचं लग्न डिसेंबरात केलं, वाजंत्री न लावता. सून आली केंदूरची, हर्षदा.

संक्रांतीला तिच्या माहेरून हलव्याचे दागिने आले. नव्या सुनेची पहिली संक्रांत. ती पिशवी घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“आबा, घालू का? फोटोपुरतेच.”

“औंदा सण न्हाई, पोरी.”

ती बरं म्हणाली. पुढं दागिन्यांना मुंग्या लागल्या. तिनं ते उकिरड्यावर नेऊन टाकले. मी ओट्यावरून बघत होतो. 

फेब्रुवारीच्या तेरा तारखेला सकाळी म्हशीला वैरण काढायला गेलो, तर कडब्याच्या गंजीत हाताला काहीतरी कडक लागलं. ओढलं तर लाल कागदात गुंडाळलेला डबा. वर चिठ्ठी होती. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण तेवढं वाचता येतं. हर्षदाचं नाव, आणि खाली चौदा फेब्रुवारी. अक्षर सत्यजीतचं.

या दिवसाबद्दल माझं मत कधी चांगलं नव्हतं. त्या आठवड्यात मांडवगणच्या बाजारात दुकानांबाहेर लाल फुगे लटकतात, प्लास्टिकचे गुलाब येतात. मी अनसाला म्हणायचो, प्रेमाला तारीख कशाला लागते?  पण दर ज्येष्ठात ती वडाला सूत गुंडाळायची, दिवसभर उपाशी राहायची, माझ्या आयुष्यासाठी. चौतीस वर्षं. म्हणजे तिला तारीख होती. मलाच नव्हती. ती गेली तेव्हा बायका म्हणाल्या, सवाष्ण गेली, भाग्याची. मला त्यांचा राग आला होता. तिनं मागितलं ते तिला मिळालं असं सगळ्यांना वाटत होतं, आणि तिनं आणखी काय मागितलं असतं हे मला माहीत नव्हतं.

डबा हातात धरून मी उभा राहिलो. लग्न झालेलं पोरगं बायकोसाठी आणलेली वस्तू गोठ्यात लपवतं, ते माझ्या भीतीनं. मी डबा होता तसा परत खुपसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वडगाव रासाईहून आक्का आली. साखरबाई, माझी थोरली बहीण. अनसा गेल्यापासून महिन्या-दोन महिन्यांनी ती येते आणि घरात सगळं रीतीनं चाललंय का ते बघते. आल्या आल्या ती म्हशीकडं गेली. तिला तिथंच आधी जायचं असतं. मी ओट्यावर शेंगा फोडत होतो.

आक्का अंगणात आली ती डबा घेऊनच; वरची चिठ्ठी तिला वाचता येत नाही.

“हर्षदे! ही कुणाची थेरं?”

हर्षदा पिठाच्या हातांनी दारात आली. डबा बघून तिचा चेहरा उतरला. “मला न्हाई माहीत, आत्या.”

“तुला न्हाई माहीत, मग काय म्हशीनं आणला? आज ती लाल फुग्याची तारीख हाय. टीव्हीत दिसतं मला समदं. सासूचं वर्ष सरलं न्हाई आन् तुम्ही सण कराया लागलासा व्हय?”

हर्षदा खाली बघत राहिली. संक्रांतीला बरं म्हणाली होती तशीच आताही म्हणणार, हे मला दिसलं.

“त्यो माझा हाय,” मी म्हणालो.

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या.

“तुझा?” आक्का म्हणाली. “कुणासाठी?”

एवढा पुढचा विचार मी केला नव्हता. “तिच्यासाठी.”

“ती कोण? भैरू, नाव सांग. साठी आली तुझी. बाजारात कोण भेटली?”

हर्षदानं ओढणी तोंडाला लावली. हसू दाबत होती का भीती, कळलं नाही.

“अनसासाठी,” मी म्हणालो.

आक्का ओट्याच्या पायरीवर बसली. डबा तिनं मांडीवर ठेवला. आवाज आता खाली आला होता, पण बोलणं तेच.

“सहा म्हयने झालं तिला जाऊन. आता डबा आणतोस. ती होती तवा काय आणलंस?”

मी आठवून बघितलं. बांगड्या ती जत्रेत स्वतःच भरायची. दिवाळीला लुगडं यायचं ते आईला आणि तिला एकाच रंगाचं, म्हणजे भांडण नको.

“कुकर आणला हुता.”

“त्यातला भात कुणी खाल्ला?”

मी खाल्ला होता. सगळ्यांच्या आधी मीच खायचो.

हातातली शेंग मी खाली ठेवली. मग मी म्हणालो, “खोटं बोललो, आक्का. सत्यजीतनं आणलाय, हिच्यासाठी. हिला ठावंबी न्हाई. मला ठावं हुतं, मी गप बसलो.”

“मग वर्षाचं काय?”

“वर्ष मी पाळतो. माझी बायको गेलीय. हिचा नवरा हाय की जिता. संक्रांतीला हिला न्हाई म्हणलो ते अनसाच्या नावानं. अनसा आसती तर तिनं पोरीला दागिनं घातलं आसतं आन् मला म्हणली आसती, तुम्ही जावा मळ्यात.”

आक्कानं डबा माझ्याकडं सरकवला.  हर्षदा आत गेली. भाकरी करपल्याचा वास आला.

चारच्या सुमाराला सत्यजीत रांजणगावहून कंपनीतून आला. गाडी लावली आणि हातपाय न धुता सरळ गोठ्यात गेला. एक पेंढी काढली, दुसरी काढली. मग सगळी गंजच उपसायला लागला.

“काय हरवलं रं?” आक्कानं हाक मारली.

“काय न्हाई, आत्या. म्हशीला वैरण काढतोय.”

“म्हस दोन दिवसांचं खाऊन बसलीय. इकडं ये.”

तो आला, माझ्या हातातला डबा बघितला आणि त्याचे कान लाल झाले. मी डबा त्याच्या हातात दिला. म्हणालो, “दे तिला. हितं, आमच्यासमोर दे. लपवू नगं.”

त्यानं तो बायकोला असा दिला, जसा पाहुण्याला पाण्याचा तांब्या देतात. मान दुसरीकडं. आत मनगटी घड्याळ होतं. हर्षदानं ते लगेच घातलं आणि पट्टा सैल होतो म्हणून दाखवलं. दोघं तो कमी करून आणायला गाडीवरून मांडवगणला गेले.

“दिवस हाय तवरच या,” आक्का मागून ओरडली. “उसात बिबट्या हाय.”

धूळ खाली बसल्यावर ती म्हणाली, “मला न्हाई पटत ह्या तारखा. दुकानदारांनी काढल्यात.”

“आसंल,” मी म्हणालो. मलाही पूर्ण पटल्या होत्या असं नाही.

आक्का शेंगा फोडायला लागली. मूठभर दाणे झाल्यावर बोलली. “तुझ्या दाजींनी एकदा दौंडच्या बाजारातनं मला चपला आणल्या हुत्या. लाल पट्ट्याच्या.”

हौसराव दाजींना जाऊन नऊ वर्षं झाली. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं.

“देताना काय म्हणलं?”

“म्हणतंय व्हय कोण? पिशवी दाराआड ठेवली आन् गेलं म्हशी धुवायला.” तिनं फोलपटं झटकली. “दोन बोटं लहान हुत्या. दोन वर्सं घातल्या तशाच. टाचंला घट्टा पडला.”

“मग सांगायचं न्हाईस त्यास्नी? बदलून आणल्या आसत्या.”

“त्यांनी इचारलं कुठं?”