साऱ्या जगाची बोलणी खाल्लेला संगणक

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो, आणि एके काळी साऱ्या जगानं मला एकाच दिवशी फैलावर घेतलं होतं. असा मान आजच्या चकचकीत यंत्रांच्या नशिबी नाही.

माझे सुटे भाग कुठकुठल्या देशांत घडले, पण त्यांची जुळणी झाली सोलापुरात. तिथून एस.टी.च्या मागच्या सीटवर आदळत मी नळदुर्गच्या कॉलेजात आलो. गावानं हार घातला, नारळ फोडला आणि त्याचं पाणी माझ्या कळफलकावर सांडलं.

पुढं एक संगणकाचा वर्ग सोडला, तर माझ्या वाट्याला आल्या त्या फक्त टाइप करायच्या प्रश्नपत्रिका. संस्थेचे अध्यक्ष शंकरप्पा वैतागले. कॉलेजच्या दारातले गुलाब ते स्वतः जपत, माझी मात्र त्यांना कदर नव्हती.

"टाइपरायटरच हाय की ह्यो, वर लाइट खातोय," ते म्हणाले. "गॅदरिंगच्या आधी विकून टाका. लाऊडस्पीकर घेऊ."

मी गेलो असतो तर तो वर्गही बंद पडला असता. खेड्यापाड्यांतून येणाऱ्या मुली त्या वर्गाला जीव लावून बसत. त्यांना शिकवणाऱ्या श्रीदेवी मॅडम पुढं झाल्या.

"अप्पा, थोडी मुदत द्या. याच्यावरून जगाशी बोलता येतं."

"जगाशी? आधी उमरग्याला फोन लागतो का बघा!"

पण मुदत मिळाली. मॅडमच्या पुण्यातल्या मैत्रिणीनं खोकंभर फ्लॉप्या पाठवल्या. त्यांत होतं मला चालवणारं, युनिक्सच्या घराण्यातलं नवं लिनक्स, ईमेलची सोय आणि न्यूजग्रुपची सोय. न्यूजग्रुप म्हणजे जगभरचा पार समजा. एकानं लिहायचं, सगळ्यांनी वाचायचं.

मॅडम एकेक फ्लॉपी मला भरवू लागल्या. पाच-सहा गिळल्या की एखादी खराब निघे आणि मी सगळंच ओकून टाकी. मग नव्यानं सुरुवात. कुठं एक टिंब चुकलं तरी मी अडून बसे. मॅडम कपाळावर हात मारत, कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटत, अन् पुन्हा बसत. मला वाटतं, ते माझं कौतुक नसावं.

शेवटी ऑफिसातल्या एकुलत्या एका फोनला मला जोडलं. त्यावरून मी पुण्याच्या संगणकाला फोन लावायचा, माझं टपाल त्याच्याकडं द्यायचं, त्यानं ते पुढं जगात धाडायचं, अशी योजना होती. पण मी फोन लावला की तारेतून किंचाळी निघे आणि शिपाई बब्रुवान धावत येऊन रिसीव्हर उचले.

"मॅडम, फोनमदी मांजराच्या शेपटीवर कुणीतरी पाय दिलाय!" असं म्हणून तो रिसीव्हर आपटे. लाइन तुटे.

पहिला निरोप कुठं टाकावा? गुलाब लावणाऱ्यांचा एक गट मॅडमना दिसला. माणसं सौम्य असतील, असं त्यांना वाटलं. त्यांनी इंग्रजीत लिहिलं, 'नळदुर्ग बोलतंय. कुणी ऐकतंय का?' लाइन तुटली. निरोप हरवला समजून त्यांनी पुन्हा लिहिला. पुन्हा तुटली, पुन्हा लिहिला. मी मात्र इमानी. सगळे निरोप पोटात जपून ठेवले. मग एके दिवशी बब्रुवान लग्नाला येरमाळ्याला गेला, लाइन टिकली, आणि मी सगळे एकदम जगभर सोडून दिले.

दुसऱ्या दिवशी शंकरप्पा मला विकत घेणाऱ्यालाच घेऊन आले. मॅडम उत्तरं वाचत होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"काय आलंय?"

खोटं बोलणं सोपं होतं, अप्पांना इंग्रजी येत नव्हतं. पण त्या म्हणाल्या, "अप्पा, शिव्या आल्यात."

"कुणाच्या?"

"फिनलंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया... एकच गोष्ट कितीदा विचारता म्हणतात. इथं फक्त गुलाबाचं बोला म्हणतात."

अप्पा खुर्चीत बसले. "नळदुर्गचं नाव घिऊन शिव्या दिल्यात?"

"हो. नाव घेऊनच."

"ऑस्ट्रेलियातल्या माणसाला नळदुर्ग ठावं झालं!" अप्पांनी मांडीवर थाप मारली. "आन् त्येंचं बराबर हाय की. आधी माफी मागा. मग इचारा, माझ्या गुलाबाच्या पानांवर काळे डाग पडून पानं गळत्यात, काय करू?"

या खेपेला मॅडमनी एकदाच लिहिलं. बब्रुवान फोनपाशी काठी घेऊन उभा राहिला. प्राचार्यांनाही त्यानं हात लावू दिला नाही.

उत्तरं आली. पानं भिजवू नका, गळलेली पानं जाळून टाका, झाडांत वारा खेळू द्या. सगळ्यात लांबलचक उत्तर होतं फिनलंडच्या माणसाचं. सगळ्यात तिखट शिव्याही त्याच्याच होत्या. अप्पांनी गिऱ्हाइकाला चहा पाजून वाटेला लावलं. त्या वर्षी गुलाब तर फुललेच, वर्गातल्या मुलीही माझ्यावरून दूरदूरच्या माणसांना ईमेल लिहायला शिकल्या.

मग नवे संगणक आले. मोबाइल आले. मी कोठीच्या खोलीत आलो. श्रीदेवी मॅडम निवृत्त झाल्या त्या दिवशी येऊन माझी धूळ पुसून गेल्या. त्यानंतर कुणी आलं नाही.

मित्रांनो, माझी तक्रार नाही. रागावून का होईना, जो तुम्हाला उत्तर देतो त्याच्याशी बोलणं तोडू नका. जुन्या यंत्रांचे हाल करू नका. आणि कोठीत कधी आलात, तर माझ्या डोक्यावरची कळशी तेवढी खाली ठेवा. ती गळते.