पहिला घोट

माटे या पाल्याच्या काढ्याचा पहिला घोट कडूजहर. ज्यानं सुक्या भोपळ्याच्या पेल्यात पाला भरून गरम पाणी ओतलं, त्यानंच तो नळीनं ओढायचा आणि थुंकायचा. मग पुढचा इतरांना. ओलिंदाबाईंनी मोंतेविदेओच्या संसदेच्या पायऱ्यांवर बसून तो ओढला, पण थुंकला नाही. तोंड मिटून तशाच उठल्या.

वारसा दिनाला संसद सगळ्यांना खुली. दारावरच्या पहारेकऱ्यानं थर्मास आणि भोपळा ठेवून घेतला. तोंडातला घोट कोण तपासणार? लेक ग्रासिएला विचारत होती, दाढ दुखतेय का. बाईंनी नुसती मान हलवली.

त्यांचे वडील इथल्याच फरश्या घासणारे. दगडाची भुकटी छातीत बसली आणि ऐन उमेदीतला माणूस खोकून खोकून गेला. आईनं मरताना हात धरून सांगितलं होतं, "त्या इमारतीनं माझा माणूस खाल्ला. एकदा जा आणि तिच्या फरशीवर थुंकून ये." आज-उद्या करता करता म्हातारपण आलं. यंदा नाही तर कधीच नाही, म्हणून बाई हट्टानं आल्या होत्या.

‘हरवलेली पावलं’ असं नाव असलेल्या मोठ्या दालनात शिरल्या आणि थबकल्याच. मान वर गेली ती खाली येईना. दगडाचे इतके रंग त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. मुरांब्यासारखे लालसर खांब, हिरवे, राखाडी, आणि उंचावरच्या रंगीत काचांतून सगळ्यांवर उतरलेलं ऊन. बडबडी ग्रासिएलासुद्धा कुजबुजायला लागली. देवळातही बाईंना इतकं लहान आणि इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

मग आईचा शब्द आठवला. थुंकायला त्या वाकल्या. फरशी इतकी नितळ की त्यात वरचं सगळं ऊन होतं आणि त्यांचा स्वतःचा सुरकुतलेला चेहराही. वीतभर जागेसाठी वडिलांना किती दिवस गुडघ्यांवर बसावं लागलं असेल, असं मनात आलं. वडिलांचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. घरात फोटोही नव्हता. त्यांच्या हातचं असं काही त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

बाईंनी तो कडू घोट गिळला आणि डोळ्यांत पाणी आलं.

"आई, काय झालं?" ग्रासिएलानं दंड धरला.

"काही नाही. टाचा आपटू नकोस गं," त्या म्हणाल्या. "माझ्या बाबांचं काम आहे."