चार कोंबड्यांची सबब

हवालदारांनी आयुष्यभर चौकात उभं राहून लोकांना अडवलं, पण स्वतःच्या लेकीला "नाही" म्हणायची वेळ आली की त्यांची दातखीळ बसायची. ती शाळेत होती तेव्हापासूनचं हे दुखणं. तिने मागितलं आणि बापाने दिलं नाही, असं कधी झालंच नव्हतं. आता तिने मागितले होते ते खुद्द हवालदारच. आई गेल्यापासून तिचा एकच धोशा होता, "बाबा, घर बंद करा आणि आमच्याकडे या. तुमची खोली तयार आहे."

खोली खरंच तयार होती. हवालदार एकदा तिथे राहूनही आले होते. जावई देवमाणूस, लेक तर पोटचीच. पण त्या घरात चहाचं भांडं कुठे आहे ते विचारावं लागायचं, खिडकी उघडू का म्हणून विचारावं लागायचं, आणि खोकला आला की ते उशीत तोंड खुपसून खोकायचे. आपल्या घरात, आपल्या खोकल्यासकट जगावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पण हे लेकीला तोंडावर सांगायला छाती लागते, आणि आपली छाती फक्त गणवेशाची बटणं लावण्यापुरती आहे, हे हवालदार स्वतःच जाणून होते.

म्हणून त्यांनी सबबी सांगितल्या. आधी गुडघे झाले, मग दात झाला, मग छपराची गळती झाली. लेक होती नर्स. तिने गुडघ्याला पट्टा पाठवला, दाताला डॉक्टर शोधला आणि छपरासाठी माणूसच धाडला. छप्पर गळत नव्हतंच, तेव्हा त्या बिचाऱ्याला चहा पाजून परत पाठवावं लागलं. सगळ्या सबबी अशा खर्ची पडल्यावर एकदा बाजारात टोपलीखाली चार कोंबड्या दिसल्या आणि हवालदारांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सबब अशी हवी, जिला रोज दाणापाणी लागेल.

कोंबड्यांतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. विकणारी बाई म्हणाली, "पहिले काही दिवस खुराड्यातच ठेवा, म्हणजे घर ओळखतील." पुढेही ती बरंच काही म्हणाली, पण हवालदार तेव्हा फोनवर लेकीला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते.

सुताराकडून परसात खुराडं करून घेतलं. तिघींना रंगावरून नावं मिळाली, तांबडी, ढवळी आणि कबरी. चौथी छाती काढून चालायची, कुणाचं ऐकायची नाही आणि कारण नसताना ओरडायची. तिचं नाव हवालदारांनी 'साहेब' ठेवलं. सबंध नोकरीत जे गिळलं होतं, ते आता त्यांना परसात मोठ्याने बोलता येऊ लागलं. "साहेब, पायात घाण करू नका," असं म्हणताना त्यांना फार बरं वाटायचं.

ठरलेले दिवस भरले, खुराड्याचं दार उघडलं, आणि तिथून फजिती सुरू झाली. उजेड आहे तोवर सगळ्या आत पाहिजेत, ही हवालदारांची शिस्त. ऊन उतरलं की ते हातात टॉवेल आणि तोंडात जुनी शिट्टी घेऊन परसात उतरायचे. ज्या हाताने ट्रक थांबवले, तो हात त्यांनी कोंबड्यांपुढे केला. कोंबड्या हाताखालून गेल्या. शिट्टी फुंकली तर साहेब जागच्या जागी थांबून अशी काही बघायची की हवालदारांचाच हात सलामीसाठी कपाळाकडे जायचा. डावीकडून घेरलं तर त्या उजवीकडून सटकायच्या, उजवीकडून घेरलं तर सरळ हवालदारांच्या तंगड्यांमधून. नाकी नऊ यायचे. शेवटी अंधार पडायच्या सुमारास एकेक जण नमायची आणि आत जायची. मग धापा टाकत, कडी लावत हवालदार म्हणायचे, "आलात ना वळणावर!"

भिंतीपलीकडे निवृत्त पोस्टमन राहायचे. रोज त्या वेळी ते भिंतीला खुर्ची लावून बसायचे, पण चकार शब्द काढायचे नाहीत. हवालदारांना वाटायचं, चला, कुणीतरी आपल्या कामाची कदर करतंय.

फोनवर त्यांच्या आवाजाला आता धार आली होती. "अगं, एक संध्याकाळ मी नसलो तर खेळ खलास. मांजरं टपलेलीच असतात. यांना कोंडणं म्हणजे काय, तुला कल्पना नाही. या गल्लीत दुसऱ्या कुणाला जमायचं नाही." हे सांगताना आपण खोटं बोलतोय असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं.

लेकीने बरेच दिवस ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी रविवारी येते. एक संध्याकाळ मीच कोंडून बघते. मला जमलं तर शेजाऱ्यांनाही जमेल, मग तुम्ही निमूट बॅग भरायची. नाही जमलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. कबूल?"

"कबूल," हवालदार म्हणाले. लेकीपुढे त्यांना दुसरं काही म्हणायची सोयच नव्हती.

रविवारी ती आली. "आधी मी दाखवतो, मग तू कर," म्हणत हवालदार परसात उतरले. आज बघायला लेक होती, त्यामुळे अंगात जरा जास्तच संचारलं होतं. त्यांनी तांबडीला कोपऱ्यात गाठलं, तेवढ्यात साहेबाने मध्येच मुसंडी मारली, हवालदारांचा पाय पाण्याच्या घमेल्यात गेला आणि ते अक्षरशः तोंडघशी पडले. शिट्टी तोंडातच होती. पडता पडता ती खणखणीत वाजली.

लेकीने त्यांना उठवून पायरीवर बसवलं. घोटा टम्म सुजला होता. तिने बॅगेतून पट्टी काढली आणि गुंडाळायला घेतली.

"अगं, अंधार पडेल! तू जा आधी. तांबडीला डावीकडून घे, साहेबाला शेवटी ठेव..."

"पट्टी झाली की जाते. तोवर हलायचं नाही."

हवालदार हलले नाहीत. खरं म्हणजे ते मनातून खूश होते. आता तिची भंबेरी उडणार, ती हात टेकणार आणि आपण इथेच राहणार.

उजेड कमी झाला. तांबडीने मान तिरकी करून एकदा आभाळाकडे पाहिलं आणि चालत चालत खुराड्यात गेली. तिच्यामागून ढवळी गेली. कबरीने जाता जाता एक किडा टिपला. शेवटी साहेब छाती काढून सावकाश आत शिरली. आतून जागेसाठी थोडी ढकलाढकली ऐकू आली आणि मग सगळं शांत झालं.

लेकीचा हात पट्टीवर तसाच थांबला. "बाबा, या रोज अशाच जातात?"

हवालदारांना घाम फुटला. "नाही गं. आज पाहुणे आहेत म्हणून..."

"रोज अशाच जातात," भिंतीपलीकडून पोस्टमन म्हणाले. "अंधार पडला की कोंबडी आपणहून घरात जाते."

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीत हो?"

"मला वाटलं, तुम्ही व्यायाम म्हणून करता."

लेकीने पायरीवर बसकण मारली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हवालदारही हसले. फजिती इतकी साग्रसंगीत झाली होती की न हसून करणार काय? मग त्यांना 'कबूल' आठवलं आणि हसणं तोंडातच विरलं.

"बॅग माळ्यावर आहे," ते म्हणाले. "मला चढवणार नाही. तू काढ." आणि तिने काही म्हणायच्या आतच त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पण मला यायचं नाहीये गं. तुमचं काही चुकत नाही. तिथे मी पाहुणा असतो. मला माझ्या घरात राहायचंय. कोंबड्याबिंबड्या सगळं झूट."

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. "मग हे सरळ सांगायचं ना. त्यासाठी कोंबड्या पाळल्यात?"

"तुला 'नाही' म्हणायचं होतं ना. पाळाव्याच लागल्या."

तिचा आवाज आला तो एकदम बारीक. "मला भीती वाटते, बाबा. तुम्ही इथे एकटे पडलात आणि कुणाला कळलंच नाही तर?"

"पडलो की शिट्टी वाजते. बघितलंस ना आत्ता?"

"आणि मी इथेच असतो," भिंतीपलीकडून आवाज आला.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. जावई होता. तिने एकदा बापाच्या सुजलेल्या पायाकडे पाहिलं, एकदा खुराड्याकडे.

"नाही रे, येत नाहीयेत," ती म्हणाली. "कसे येणार? अरे, चार-चार कोंबड्या कोंडायच्या म्हणजे काय खायचं काम आहे? मी स्वतः बघितलं. बाबांशिवाय कुणाला जमायचं नाही." बोलता बोलताच ती उठली आणि खुराड्याला कडी लावून आली.

हवालदारांचे डोळे भरून आले. ती शेजारी येऊन बसली तेव्हा ते घाईघाईने म्हणाले, "पाय फारच दुखतोय."