मिरीचा श्वास

गाडी चालवायला शिकवणाऱ्या बाईंना घाबरलेल्या माणसांची सवय होती. रोज कुणी ना कुणी शेजारी बसून स्टिअरिंग घट्ट आवळून धरायचं आणि बाई शांतपणे म्हणायच्या, "समोर बघा, बाकी मी बघते." पण नवऱ्याच्या निवृत्तीच्या जेवणाला सात वर्षांची भाची आईशिवाय येणार म्हटल्यावर बाईच घाबरल्या.

भाचीला शेंगदाणा चालत नसे. चालत नसे म्हणजे कणभरही नाही. घरात सगळे तिला मिरी म्हणत. एवढीशी, पण तिखट. तिच्या आईला त्या दिवशी सुट्टी मिळत नव्हती. "ताई, राहू दे का तिला घरी?" धाकटीने विचारलं.

"ती नसेल तर तिच्या काकांच्या घशाखाली घास उतरणार नाही," बाई बोलून बसल्या आणि मग कंबर कसून कामाला लागल्या. मिक्सरचं भांडं नवं आणलं, तेलाचे डबे बदलले. केकवाल्याला तर प्रश्न विचारून एवढं भंडावलं, की तो म्हणाला, "बाई, तुम्हीच येऊन करा." बाई खरंच गेल्या आणि केक होईपर्यंत त्याच्या टेबलापासून हलल्या नाहीत.

दुपारी घर माणसांनी भरलं. मिरी कमरेला इंजेक्शनची पिशवी बांधून सगळ्यांत फिरत होती. एका आजींनी पर्समधून शेंगदाणे घातलेलं चॉकलेट काढलं. "एवढंसं खाल्लंस तर काय होतंय?"

"माझा घसा बंद होतो," मिरी म्हणाली. "पण तुम्ही देत होतात, ते आवडलं मला."

आजींनी चॉकलेट परत पर्समध्ये टाकलं. बाई दारातून बघत होत्या. आग्रह मोडताना त्यांची स्वतःची जीभ अजून अडखळायची, आणि ही पोर कुणालाही न दुखावता नाही म्हणत होती.

तेवढ्यात काकांचे एक जुने दोस्त आले. धिप्पाड सुतार, हसले की खिडक्या हलाव्यात असे. वाटेत त्यांनी गाडीत खारे शेंगदाणे खाल्ले होते. बिचाऱ्यांना काय ठाऊक. त्यांनी मिरीला उचललं आणि गालाचा पापा घेतला.

थोड्या वेळाने मिरी स्वयंपाकघरात आली. गालावर लाल गांधी उठल्या होत्या, ओठ सुजले होते. पाणी मागावं तशा आवाजात ती म्हणाली, "मावशी, इंजेक्शन लागणार आहे."

बाईंनी हाक मारली. नवऱ्याने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. मिरी कपाटाला टेकून जमिनीवर बसली. तिच्या श्वासात शीळ वाजायला लागली होती. बाईंनी इंजेक्शन हातात घेतलं खरं, पण ते कसं धरायचं तेच आठवेना.

"टोपण काढ," मिरी अडखळत म्हणाली. "मांडीला, बाहेरून. फ्रॉकवरून चालतं. दाबून धरून ठेव."

"मला भीती वाटतेय गं."

"मलापण," मिरी म्हणाली. "तरी दे."

बाईंनी दिलं. सगळं घर दारापाशी गोळा झालं होतं. त्या गर्दीत एका लहान मुलीच्या श्वासाची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग ती शीळ हळूहळू बारीक होत गेली. पोरीची छाती एकदा पूर्ण भरली, रिकामी झाली, पुन्हा भरली. एवढी वर्षं बाई श्वास घेत आल्या होत्या, पण श्वास ही काय चीज आहे हे त्यांना त्या दिवशी दिसलं. देवळात गेल्यासारख्या त्या गुडघ्यांवर बसून राहिल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी मिरीला देखरेखीखाली ठेवून घेतलं. धाकटी धावत आली, आधी लेकीला आणि मग बहिणीला बिलगली. "ताई, तू होतीस म्हणून."

"मी कसली," बाई म्हणाल्या. "माझा हात तिने चालवला."

सुतार दाराबाहेर उभे होते. डोळे लाल झाले होते. "तोंड धुतलंय, कपडे बदललेत," ते म्हणाले. "तरी आत येत नाही."

मिरीने मान वळवून त्यांना पाहिलं. "तुम्हाला माहीत नव्हतं ना. तिथे खुर्ची घ्या आणि लांबूनच गप्पा मारा."

एवढा दांडगा माणूस, पण गुपचूप खुर्ची ओढून दारात बसला. मिरीनेच विचारलं, "तुम्ही पलंग करता का?"

"करतो की."

"मग माझ्या पलंगाला उशाशी इंजेक्शनच्या पिशवीसाठी एक खण करून द्याल?"

ते मान डोलवत राहिले. बाई मात्र पांघरुणाचं वरखाली होणं बघत होत्या. तिथून त्यांची नजर हलत नव्हती.