चुलीवरच्या देवाला प्लास्टर

मित्रांनो, माझा चेहरा पाहून घाबरू नका. मी जपानमधल्या एका शेतकऱ्याच्या चुलीवरच्या देवाचा जुना मुखवटा आहे. माझे कपाळ आठ्यांनी भरलेले आणि डोळे शिंपल्यांचे आहेत. घर बांधून झाल्यावर गवंड्याने भिंतीची उरलेली माती मळून मला घडवले. घराला आग लागू नये, कोणी उपाशी राहू नये, म्हणून मला चुलीजवळच्या खांबावर बसवले. दर नव्या वर्षी घरची माणसे मला पेंढ्याची नवी दोरी वाहत. धुराने मी काळाकुट्ट झालो, आणि जितका काळा झालो तितका माझा मान वाढला.

पुढे गॅस आला, चूल विझली. २००६ साली ते घरही पाडले. त्या घरची लेक फुमिको इंग्लंडमध्ये, लीड्सला, छोटे कॅफे उघडणार होती. भावाने मला पार्सलने तिच्याकडे पाठवले. वाटेत माझी हनुवटी मोडली. तिने ती कशीबशी चिकटवून मला शेगडीच्या वर टांगले. पण तपासणीला आलेल्या कौन्सिलच्या अधिकाऱ्याने माझ्यावर बोट फिरवून पाहिले. माती अन्नात पडेल, हे काढावे लागेल, असे त्याने सौम्यपणे सांगितले. फुमिकोने मला उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतले. तिच्या माहेरचे एवढेच उरले होते.

तेवढ्यात शेजारच्या वैजयंतीबाई आल्या. तीस वर्षे त्यांनी तिथल्या हॉस्पिटलात मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घातले होते. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिले.

"हनुवटीच मोडलीय ना? हा पेशंट माझा," त्या म्हणाल्या. "मला एक आठवडा दे."

त्यांनी मागून प्लास्टरची पट्टी चढवली, भेगांत माती भरली, वर वॉर्निशचा पातळ हात दिला. वॉर्निश देण्याआधी काजळी पुसायची का, असे फुमिकोने विचारले होते.

"तिला हात लावायचा नाही. ती त्याची आयुष्यभराची कमाई आहे."

अधिकारी पुन्हा आला. बाईंनी माझ्याखाली पांढरा नॅपकिन धरला आणि मला चांगले थोपटले. एक कणही पडला नाही. त्याने नॅपकिन उजेडात धरून पाहिला, हसला आणि सही केली. शनिवारी कॅफे उघडले. पहिल्या भाताची वाफ तोंडावर आली तेव्हा माझी छाती, असती तर, फुगली असती.

मित्रांनो, घरातले जुने काही मोडले, तर टाकण्याआधी कोणाला तरी दाखवा. सांधणारे हात बहुधा शेजारीच असतात. आता बोलणे पुरे. शेगडीवर भात आहे आणि मी कामावर आहे.